कडुनिंबाचा काढा आणि चांदीचे कण

ठाणे सोडून कल्याणकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत दिवा हे स्थानक लागते. पारसिकच्या बोगद्यातून येणारा लोहमार्ग आणि मुंब्र्याच्या डोंगराला बिलगून येणारा लोहमार्ग हे दोन्ही येथे एकत्र होतात. येथूनच एक फाटा पनवेलमार्गे कोकणात उतरतो, तर दुसरा वसईस जातो. गावाच्या एका अंगास उल्हास नदीची खाडी आहे. तिच्या काठाने तिवरांचे रान पसरलेले असून ओहोटीच्या वेळी त्यांची मुळे चिखलातून वर डोकावताना दिसतात. जेथे पूर्वी भातखाचरे होती, तेथे आज चाळी आणि उंच इमारती उभ्या आहेत. ठाणे शहराचा कचरा पुष्कळ वर्षे याच गावाच्या माथी टाकला गेला, ही गोष्टही सांगावयास हवी.

दिव्याच्या पुढे कोपर ओलांडले की डोंबिवली येते. तेथील औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे आणि नाना प्रकारची रसायने तयार होतात. या रसायनांवर सहस्रावधी कुटुंबांची चूल पेटते. पण त्यांची किंमतही लोकांना मोजावी लागली आहे. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवट रंगाचा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत वसाहतीतील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला, तो पाहण्यास राज्याचे मुख्यमंत्री स्वतः आले होते. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात तेथील कारखान्यांत भयंकर स्फोट झाले व कित्येक माणसे प्राणास मुकली.

मग रसायने करूच नयेत काय? तसे म्हणून चालणार नाही. तापावरची गोळी, कपड्याचा रंग, पिण्याचे पाणी निर्मळ करणारी पूड ही सारी रसायनेच होत. प्रश्न आहे तो ती कशी करावयाची हा. घातक द्रव्य वापरून मागाहून त्याची विल्हेवाट लावीत बसण्यापेक्षा मुळात ते वापरूच नये, असा विचार मांडणारी रसायनशास्त्राची एक शाखा गेल्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. तिला हरित रसायन असे म्हणतात. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ साली तिची बारा तत्त्वे सांगितली. या विचाराचे एक सुंदर फळ महाराष्ट्रातच, पुण्यास, पाहावयास मिळाले. तेथील शास्त्रज्ञांनी परसातल्या झाडपाल्याकडून सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण घडवून घेतले.

हे कण किती सूक्ष्म? मीटरचे एक अब्ज समान भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाचा केस सामान्यतः ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणांविषयी येथे सांगावयाचे आहे, ते एक ते शंभर नॅनोमीटर एवढेच असतात. मराठीत त्यांना अब्जांश कण असेही म्हणतात. धातूचा इतका बारीक चुरा करून लाभ तो काय, असे कोणालाही वाटेल. एक हिशेब करून पाहावा. एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा चांदीचा ठोकळा घेतला, तर त्याचे वजन तोळ्याहून थोडे कमी भरते आणि त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर होते. आता याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले अशी कल्पना करावी. चांदी तेवढीच राहिली, परंतु सर्व तुकड्यांचे मिळून क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर भरेल. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असते. अशी चार मैदाने झाकूनही त्यातले काही उरेल! धातूचे जे काही कार्य घडते, ते त्याच्या पृष्ठभागावर घडते. म्हणून चिमूटभर चांदी इतकी कर्तबगार होते.

याहून नवलाची गोष्ट रंगाची आहे. सोने पिवळे आणि चांदी पांढरी, हे लहान मूलही सांगेल. पण सोन्याचे अब्जांश कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते, आणि चांदीच्या कणांचे पाणी पिवळसर तपकिरी होते. धातूच्या अंगी मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. कण फार लहान असला म्हणजे प्रकाशाची लाट येताच हे इलेक्ट्रॉन एका लयीत झोके घेऊ लागतात. झोपाळ्यास योग्य वेळी धक्का दिला तरच तो उंच जातो. त्याचप्रमाणे ज्या रंगाच्या प्रकाशाची लय या झोक्याशी जुळते, तो रंग कण शोषून घेतात आणि उरलेला रंग डोळ्यांना दिसतो. कणाचा आकार बदलला की लय बदलते, आणि रंगही पालटतो.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याच्या या लाल पाण्याचा अभ्यास केला. त्याने तयार केलेल्या सोन्याच्या बाटल्या तेथे आजही जपून ठेवल्या आहेत. परंतु त्यासाठी त्याने जी द्रव्ये वापरली, ती ध्यानात घेण्यासारखी आहेत. फॉस्फरस हा हवेत आपोआप पेट घेणारा पदार्थ, आणि तो ज्यात विरघळवला ते कार्बन डायसल्फाइड हे विषारी व चटकन पेटणारे द्रव. पुढे आलेल्या कित्येक पद्धतींतही हायड्रॅझीन किंवा सोडियम बोरोहायड्राइड यांसारखी उग्र रसायने लागतात. सगळ्याच जुन्या पद्धती वाईट होत्या असे मात्र समजू नये. लिंबात असणाऱ्या सायट्रिक आम्लाच्या क्षाराने सोन्याचे कण करण्याची १९५१ साली प्रसिद्ध झालेली रीत पुष्कळशी सौम्य असून ती आजही प्रचारात आहे.

पुण्यास पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९५० च्या जानेवारीत, पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी डॉ. अबसार अहमद यांनी एक वेगळी वाट धरली. काही बुरशा आणि जंतू धातूंच्या क्षारांनी भरलेल्या पाण्यातही जगतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. जगतात याचा अर्थ, त्या धातूचे काहीतरी करून टाकण्याची युक्ती त्यांना साधलेली असली पाहिजे. मग हीच युक्ती माणसाने कामी का आणू नये?

२००१ साली या मंडळींनी व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीस चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ठेवले. बुरशीचा रंग तपकिरी झाला, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहता तिच्या अंगात चांदीचे कण आढळले. यश तर आले. परंतु कण बुरशीच्या पेशींतच अडकून बसल्याने ते बाहेर काढणे कठीण होते. तिजोरीत धन आहे आणि किल्ली नाही, अशातली ही गत. तेव्हा त्यांनी फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम ही दुसरी बुरशी घेतली. शेतकऱ्याला ही बुरशी शत्रू म्हणूनच परिचित आहे, कारण केळी आणि हरभरा यांना मर रोग लावणारी ती हीच. या बुरशीने कण आपल्या पेशींत न ठेवता बाहेर पाण्यात सोडले. जिच्या नावाने शेतकरी बोटे मोडतो, तिच्याकडूनही असे काम करून घेता येते!

बुरशी वाढवावयास दिवस लागतात, आणि तिला अन्न, ऊब व स्वच्छता हे सारे पुरवावे लागते. म्हणून शास्त्री यांच्या गटाचे लक्ष झाडाच्या पानांकडे गेले. २००३ साली त्यांनी जिरॅनियम या सुगंधी झाडाच्या पानांचा काढा वापरला. २००४ साली कडुनिंबाची पाळी आली. ज्याची कोवळी पाने गुढीपाडव्यास गुळाबरोबर खातात, तोच हा कडुनिंब.

प्रयोगाची कृती सांगावयास अगदी सोपी आहे. कडुनिंबाची पाने स्वच्छ धुऊन बारीक चिरावयाची, शुद्ध पाण्यात थोडा वेळ उकळावयाची आणि काढा गाळून घ्यावयाचा. दुसऱ्या पात्रात सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराचे अत्यंत विरळ द्रावण असते. ते पाण्यासारखे नितळ दिसते. त्यात काढा मिसळला की हळूहळू पिवळसर छटा येते, ती गडद होत जाते, आणि काही तासांत द्रावण तपकिरी होते. सोन्याच्या क्षारात तोच काढा घातला, तर लालसर जांभळा रंग चढतो. सोने आणि चांदी या दोहोंचे क्षार एकत्र घेतले, तेव्हा आधी सोन्याचे कण बनले आणि मग त्यांवर चांदीचा थर चढला. गाभा सोन्याचा, कवच चांदीचे! सोनाराच्या कुशल हातालाही हे साधणार नाही.

त्या पात्रात घडते ते असे. पाण्यात विरघळलेल्या क्षारातील चांदीचा प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. तो इलेक्ट्रॉन परत मिळाल्यावाचून त्याला धातूचे रूप येत नाही. पानांच्या काढ्यात शर्करा, प्रथिने आणि पानांना कडू वा तुरट चव देणारी अनेक द्रव्ये असतात. त्यांतील काही द्रव्ये इलेक्ट्रॉन देण्यास तयार असतात. इलेक्ट्रॉन मिळताच चांदीचे अणू धातूरूप होतात आणि एकमेकांस बिलगू लागतात. या क्रियेस शास्त्रात क्षपण असे नाव आहे. आता हे बिलगणे असेच चालू राहिले, तर मोठाले गोळे होऊन तळाशी बसतील व सारे श्रम फुकट जातील. येथे काढ्याचा दुसरा गुण उपयोगी पडतो. त्यातीलच काही द्रव्ये प्रत्येक कणाभोवती वेष्टण घालतात आणि कणांना परस्परांपासून दूर ठेवतात. घडविणाराही तोच आणि राखणदारही तोच, असा हा एकच काढा असतो. उग्र रसायन नको, आणि कणांना वेगळे ठेवण्यासाठी निराळे द्रव्यही नको. रासायनिक कारखान्याशेजारी ज्यांचे घर आहे, त्यांना या दोन ‘नको’ंचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

याच वर्षी गवती चहाने मोठेच आश्चर्य घडविले. त्याच्या अर्काने सोन्याचे कण गोल न होता चपटे त्रिकोणी झाले. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहून आणणारे किरण शोषून घेतात. खिडकीच्या काचेवर त्यांचा पातळ थर दिला तर उन्हाची काहिली आत कमी येईल, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. पुढील दोन वर्षांत त्याच प्रयोगशाळेतून चिंचेची पाने, आवळ्याचा रस आणि कोरफड यांचेही असेच गुण प्रसिद्ध झाले. ही यादी वाचताना प्रयोगशाळेची नव्हे, तर एखाद्या आजीच्या बटव्याची आठवण व्हावी!

पुण्यातच आघारकर संशोधन संस्था आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव तिला दिलेले आहे. तेथे डॉ. किशोर पाकणीकर यांच्या गटाने पुणे विद्यापीठातील डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या साह्याने २००३ साली चांदीला न जुमानणाऱ्या एका यीस्टकडून चांदीचे कण मिळविले. विदर्भात अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी बुरशीच्या साह्याने केलेल्या चांदीच्या कणांवर दीर्घकाळ काम केले. हे कण बुरशीवरील औषधासोबत दिले असता औषधाचा प्रभाव वाढतो, असे त्यांच्या गटाला २००९ साली आढळून आले. आणि दिव्याच्या मुलांना हे काम आपल्याच लोहमार्गावरचे वाटावे, म्हणून सांगावयाचे की कल्याणच्या पुढे असलेल्या अंबरनाथ येथील एका संशोधन केंद्रात २०१२ साली डॉ. माधुरी शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारल्याच्या अर्काने सोन्याचे टिकाऊ कण तयार केले. ताटात कारले पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

या कणांचा उपयोग काय? चांदी जंतूंना मारक आहे, हे ज्ञान जुने आहे. जर्मनीतील कार्ल क्रेडे या वैद्याने १८८० च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या विरळ द्रावणाचा थेंब घालण्यास आरंभ केला, आणि असंख्य बालके आंधळी होण्यापासून वाचली. भाजलेल्या जखमांवर लावावयाच्या मलमातही चांदीचे संयुग असते. अब्जांश कणांतून चांदी थोडी थोडी सुटत राहते, जंतूंच्या आवरणास भिडते आणि त्यांचे आतील व्यवहार बिघडविते. नेहमीची औषधे ज्यांवर चालेनाशी झाली आहेत, अशा जंतूंची संख्या वाढत असल्याने वैद्यकाला या गुणाचे महत्त्व वाटते. २००९ साली भारतात विक्रीस आलेल्या एका पाणी-गाळणीत भाताच्या तुसाची राख आणि तीवर बसविलेले चांदीचे कण योजिले होते. ती चालविण्यास वीज लागत नसे. सोन्याचे कण तर पुष्कळांनी न कळत पाहिलेलेच आहेत. कोरोनाच्या साथीत घरच्या घरी चाचणी करण्याचे जे संच मिळत, त्यांपैकी पुष्कळांत उमटणारी लाल रेघ म्हणजे सोन्याचे अब्जांश कणच होत. मात्र असे कण सहसा पानांपासून नव्हे, तर ठरलेल्या रासायनिक पद्धतीनेच करतात.

दूषित पाण्याच्या बाबतीतही प्रयोग चालू आहेत. अमेरिकेत २००९ साली शास्त्रज्ञांनी चहाच्या अर्काने लोखंडाचे सूक्ष्म कण केले व त्यांच्या साह्याने पाण्यातील एका रंगद्रव्याचे विघटन घडवून आणले. रंगाच्या कारखान्यांच्या सांडपाण्याला कंटाळलेल्या गावांना ही वार्ता सुखाची वाटणे साहजिक आहे. परंतु काचपात्रातील पेलाभर पाणी आणि रात्रंदिवस वाहणारा नाला यांत फार अंतर आहे. ते अंतर अद्याप तोडावयाचे आहे, आणि तोवर नाल्यात विष सोडणाऱ्यांना यातून कोणतीही सूट मिळत नाही.

अडचणी आणखीही आहेत. रासायनिक द्रव्य बाटलीतून मोजून घेता येते; पानांचे तसे नाही. चैत्रातील कोवळे पान आणि पौषातील जून पान यांत द्रव्ये सारखी नसतात. देशावरच्या कोरड्या मातीतील कडुनिंब आणि खाडीकाठच्या खाऱ्या वाऱ्यातील कडुनिंब यांचा काढाही एकसारखा उतरेलच असे नाही. काढा बदलला की कणांचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की गुण. औषधात तर प्रत्येक कुपी सारखीच असावी लागते. त्यामुळेच या विषयावर शास्त्रज्ञांचे लेख शेकड्यांनी प्रसिद्ध झाले असले, तरी पानांपासून केलेले कण औषधाच्या दुकानात फारसे पोहोचलेले नाहीत.

शिवाय पद्धत हिरवी झाली म्हणून वस्तू निरुपद्रवी झाली, असे होत नाही. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडले तर काळे डाग पडतात आणि डोळ्यांत गेले तर इजा होते. म्हणून हा प्रयोग प्रयोगशाळेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. कण तयार झाल्यावरही चांदीचा मारक गुण कायम राहतो. पायांना दुर्गंधी येऊ नये म्हणून चांदीचे कण घातलेले मोजे बाजारात मिळतात. २००८ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथील संशोधकांनी असे मोजे पाण्यात खळबळून पाहिले. काही मोज्यांतील चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली. अशी चांदी गटारातून मैला-पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात जाते, आणि तेथे घाण कुजवून पाणी स्वच्छ करण्याचे काम जंतूच करीत असतात.

खाडीतही तीच स्थिती आहे. तिवरांची पाने चिखलात गळून पडतात. तेथील असंख्य जंतू ती कुजवितात, त्यावर खेकडे आणि कोलंबी पोसतात, आणि त्यांवर मासे. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू कोणता आणि चिखलातील हा उपकारी जंतू कोणता, हे चांदीला ओळखता येत नाही. म्हणून आता शास्त्रज्ञ दोन गोष्टींची परीक्षा बरोबरच घेतात. एका पात्रात हे कण रोगजंतूंवर घालून पाहतात. दुसऱ्या पात्रात पाणपिसवा, लहान मासे किंवा अंकुरलेले बी ठेवून, किती चांदीपर्यंत ते जिवंत राहतात, याची मोजदाद करतात.